फक्कीच्या दोन रेघा

अफिफाने घरामागच्या मोकळ्या रानात फक्कीच्या दोन लांब रेघा मारल्या आणि त्यांच्यामध्ये वाकून ती हातोड्याने लोखंडी पहार ठोकू लागली. रेघा म्हणजे रूळ. पाठीमागे, वीसेक पावलांवर, तिची आई शाहजादी तोंडात शिट्टी धरून उभी होती.

युक्ती अफिफाचीच. सोमवारी तिला घाटात अब्बांच्या जागी रुजू व्हायचं होतं, रूळ जागी धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की त्या ठोकत चालायच्या कामावर. अम्मीने दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. अफिफाने परोपरीने सांगून पाहिलं, की नियमाने एकाने वाकून काम करायचं असतं आणि दुसऱ्याने गाडीवर नजर ठेवून शिट्टी द्यायची असते. अब्बांबरोबर तो दुसरा माणूसच नव्हता. शेजारच्या रुळावरून मालगाडी धडधडत चालली होती, म्हणून मागून आलेली गाडी त्यांना ऐकू आली नाही. अफिफाला मात्र माणूस मिळणार होता. तसं तिने लेखी घेतलं होतं.

"कागद नगं दावू," अम्मी म्हणाली होती. "ऐकू येतंय का, ते दाव."

पहिली शिट्टी वाजली तशी अफिफा उडी मारून रेघेबाहेर गेली. दुसऱ्या शिट्टीलाही गेली.

"बघितलंस? आता लांब जा, आंब्यापासनं वाजव. तुला वाटंल तवा."

ती पुन्हा वाकली. कडेच्या घोटावड्याच्या रस्त्यावर खडीचे डंपर चढाला लागले, एकामागून एक. पायाखालची जमीन थरथरत होती. ती ठोकत राहिली. दहा. वीस. तीस. शिट्टी काही वाजेना. अम्मीची खात्री पटली असेल, असं वाटून तिला जरा हलकं वाटलं.

खांद्यावर हात पडला आणि हातोडा तिच्या हातून सुटला.

शाहजादी अगदी पाठीशी उभी होती. ओढणी मागे कुठेतरी रानातच पडली होती. शिट्टी अजून दातांत, गाल फुगलेले, डोळे लाल.

"वाजवायची व्हतीस ना, अम्मी."

शाहजादीने शिट्टी तोंडातून काढली. तिला धाप लागली होती.

"आंब्यापासनं वाजवतच आले."

शेवटचा डंपर वळणाआड गेला. अफिफाने खाली दोघींच्या दोन बाजूंच्या रेघांकडे पाहिलं, अम्मीचं मनगट घट्ट धरलं आणि तिला ओढत रेघेबाहेर नेलं.