नावे खरी, प्रसंग खोटे

‘या पुस्तकातली नावे खरी आहेत, प्रसंग खोटे.’

हितेंद्र आपली पुस्तकं स्वतःच छापतो आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावर ही ओळ टाकतो. मनानं रचलेल्या नावाचं पात्र त्याच्या हातून चालत नाही, बोलत नाही. म्हणून नावं तो आपल्या असोदा गावातल्याच माणसांची उचलतो. लीलाधरनाना अजून पारावर विचारतात, “मी कधी पत्ते कुटले रे, भाऊ?” हितेंद्र हसून सोडून देतो. गोष्टीचा शेवट मात्र कुणी सुचवला, की तो त्या माणसाशी बोलणं टाकतो. एकदा बायकोशीही टाकलं होतं.

काल मंदाबाई दारात आल्या तेव्हा तो लिहीत होता. मान वर न करताच म्हणाला, “काकू, तुमचं नाव नाही घेतलं कुठे.”

“माह्यं नको घेऊ. भूषणचं घे.”

हितेंद्रनं पेन खाली ठेवलं. त्यांचा भूषण गेल्या उन्हाळ्यात मोटारसायकलवर जळगावला निघाला होता आणि वाटेतच अपघातात गेला. मिसरूड फुटलेलं पोर.

“काय लिहू, काकू?”

“ते मी कायले सांगू? तुले दुसऱ्यानं सांगितलेलं खपत नाही, गावाले माहीत हाय.”

त्या वळल्या. पायरीवर थांबल्या.

“फक्त त्याले म्हातारा होऊ दे.”

हितेंद्रनं कोरा कागद ओढला.

‘भूषणआबा आरशासमोर बसून मिशीला कलप लावत होते.’