मॅक्सिमा

आमचा जिल्हा आंध्रात गेला, बाजारात तेलुगू वाढली आणि भोपळे विकणारी माझी बडबडी आई गप्पच झाली. तेलुगूत चुकलं की गिऱ्हाइकं हसायची ना! आज शाळेत बाईंनी लाल भोपळ्याचं लॅटिन नाव शिकवलं आणि मी थेट बाजारात पळाले.

"आई, लॅटिनमध्ये भोपळा म्हणजे बाई आणि तिचं आडनाव मॅक्सिमा! मॅग्नस म्हणजे मोठा, मॅक्सिमस म्हणजे सर्वांत मोठा आणि बाई असली तर मॅक्सिमा!"

"हे मले काऊन सांगून राह्यली वं?"

"अगं, हे इथं कुणालाच येत नाही!"

तेवढ्यात आईला सर्वांत जास्त हसणारे मल्लय्या आले. आईनं भोपळ्यावर थाप मारली. "मॅक्सिमा!"

मल्लय्या गोंधळले. मोडक्या मराठीत हळूच म्हणाले, "मंजे काय?"

आईनं बसायला पोतं सरकवलं. "बसा भाऊ, सांगते. मी नाई हासत."