अण्णा पुढे

अण्णा झिपलाइनच्या तारेवरून सुटले आणि दरीच्या पलीकडे अगदी मजेत पोचले. पाय हलवत. त्यांच्या लाल हेल्मेटचा ठिपका पलीकडच्या मचाणावर उतरला, तशा इकडे मुलानं, सुनेनं, नातीनं टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबायच्या आत वारं सुटलं.

माणसांना तारेला अडकवणाऱ्या हुकवाल्यानं वर बघितलं. खांबावरचं फडकं ताठ आडवं झालं होतं. मुलाच्या कमरेला नुकताच लावलेला हुक त्यानं परत काढला. "बंद. वारं पडल्याशिवाय कुणाला सोडत नाही."

"अहो, पण आमचे वडील तिकडे गेलेत."

"मग काय झालं? बसतील. तिकडे आमचा माणूस आहे."

सून टोपी धरून उभी होती. अण्णांची पांढरी टोपी, आत मार्करनं घरचा फोन नंबर लिहिलेला. हेल्मेट घालायचं म्हणून तिनंच काढून घेतली होती.

नात भडकली. "यांना पहिलं पाठवलं कुणी?"

पाठवायचं काय त्यात. अण्णांना पुढेच घालायचं असतं. खाली शहरात दोन दिवस हेच चाललं होतं. गुलाबांची बाग, काचेतली बाग, तळ्याकाठची बाग, एकीतून बाहेर पडावं तर समोर दुसरीचं फाटक. प्रत्येक फाटकाशी "अण्णा, चला पुढे," आणि मागून तिघं, डोळे टोपीवर. मागे ठेवलं की ते एखाद्या झाडापाशी रेंगाळतात आणि गायब होतात. पुढे असले की दिसतात. आज इथं डोंगरात आल्यावर हुकवाल्यानं विचारलं, पहिलं कोण, तर तिघांच्या तोंडून एकदमच निघालं, अण्णा.

"आम्ही गाडीनं जातो तिकडे," मुलगा म्हणाला.

"पुलावरून वळसा आहे. दीड तास तरी. त्याआधी वारं पडेल." हुकवाल्यानं वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "आजोबांना बसवून ठेव रे."

"बसवलंय," पलीकडून आलं. "पाणीपण दिलंय. खूश आहेत एकदम."

"बघा," हुकवाला म्हणाला.

सुनेनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "सांगा ना त्यांना."

मुलगा दरीकडे बघत राहिला. तारेला अडकवायच्या आधी हुकवाल्यानं बीपी विचारलं होतं, हार्ट विचारलं होतं, चक्कर विचारली होती. सगळ्याला यानं छाती काढून नाही म्हटलं. खोटं त्यात काहीच नव्हतं. अण्णा घोड्यासारखे होते.

"ते जरा विसरतात," तो म्हणाला.

"जरा म्हणजे?"

"मी त्यांची नात आहे," नात म्हणाली. "रोज सकाळी मला विचारतात, तू कुणाची गं?"

हुकवाल्याचं तोंड उतरलं. "हे आधी नाही का सांगायचं?" मग वॉकीटॉकीत म्हणाला, "ए, आजोबांच्या हातात दे जरा. बटण दाखव. घरचे बोलतायत." आणि मुलाला म्हणाला, "बोला. आवाज ओळखीचा असला की माणूस जागेवर राहतो."

"अण्णा, मी बोलतोय. तिथंच बसा हं. आम्ही येतोच आहोत."

खरखर झाली. मग अण्णांचा आवाज आला, इतका जवळून की सून दचकली.

"कोण बोलतंय?"

"मी. तुमचा मुलगा."

"बरं बरं. या सावकाश. मी निघतो आता, आमची माणसं पुढे गेलीत."

"पुढे नाही अण्णा, आम्ही मागे आहोत. समोर बघा. दरीच्या इकडे."

तिघांनी हात हलवले. सुनेनं टोपी हलवली. पलीकडून अण्णांनीही हात केला, जाणाऱ्या-येणाऱ्या कुणालाही करतात तसा.

तेवढ्यात पलीकडच्या मचाणाची जाळी एका बाजूनं सुटली आणि फाडफाड वाजायला लागली. पलीकडचा माणूस धावला, गुडघ्यांवर बसला आणि दोरी आवळायला लागला. पाठ करून.

लाल ठिपका उठला. मचाणाच्या पायऱ्या उतरला.

"अरे, मागे बघ," हुकवाला ओरडला. नात तर घसा फाटेस्तोवर ओरडली. वाऱ्यानं सगळं त्यांच्याच तोंडावर परत आणून टाकलं.

मुलानं बटण दाबलं. "अण्णा, थांबा. अण्णा. अहो अण्णा."

हुकवाल्यानं त्याच्या हातून वॉकीटॉकी घेतला, कानाला लावला. "जात नाहीये."

"काय जात नाहीये?"

"त्यांनी बटण मुठीत धरून ठेवलंय. ते सोडत नाहीत तोवर आपलं बोलणं तिकडे जात नाही. त्यांचं तेवढं ऐकू येणार."

"मग तुमच्या माणसाला सांगा."

"कशावर सांगू? त्याचा सेट आजोबा घेऊन गेले. फोनला इथं रेंज नाही."

लाल ठिपका झाडीत शिरला. मचाणावर पलीकडच्याची गाठ अजून बसत नव्हती.

इकडे चौघं एका डबीभोवती डोकी जोडून उभे राहिले. आतून वाळक्या पानांवरची पावलं ऐकू येत होती. भराभर. अण्णांना धाप लागली होती. मग त्यांचा आवाज आला, घरातल्यांशी बोलतानाचा, लाडीगोडीचा.

"अरे, थांबा की जरा. किती पुढे जाल? आलोच मी."