उजवा हात

शेवटच्या फेरीची घंटा व्हायच्या आधीच मामांनी सामान आवरायला घेतलं होतं. निकाल काय लागणार, हे हॉलमध्ये सगळ्यांनाच ठाऊक होतं. भाचा कोपऱ्यात स्टुलावर बसून धापा टाकत होता. मामांनी त्याच्या भुवईवरचं रक्त टिपलं, माउथगार्ड विसळून तोंडात दिला आणि सवयीने म्हणाले, "डावा मारून थांबू नकोस. लगेच उजवा सोड."

भाच्यानेही सवयीने मान हलवली.

बॉक्सिंगच्या धंद्यात भाच्याला 'पायरी' म्हणत. हेवीवेट गटात कुणी नवा गडी वर चढवायचा असला, की आधी याच्याशी लढवायचे. हा सहसा पडायचा नाही. सगळ्या फेऱ्या उभा राहायचा, समोरच्याचा घाम काढायचा आणि गुणांवर हरायचा. नवा गडी खूश, प्रेक्षक खूश, आयोजक तर फारच खूश. ऐन वेळी कुणी आजारी पडलं, तरी पहिला फोन यालाच. नाही म्हणणं त्याला येतच नव्हतं.

सुरुवातीला असं नव्हतं. विशीत त्याने पहिल्या सगळ्या लढती नॉकआउटने जिंकल्या होत्या, त्याही उजव्या हाताने. चॅम्पियनचा पट्टा टांगायला मामांनी तेव्हा भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवला. पुढे मामींनी त्यावर कॅलेंडर लावलं.

मग काय बिनसलं, कोण जाणे. मध्ये जवळजवळ वर्ष लढतीविना गेलं आणि त्यानंतर तो हरायलाच लागला. डावा ठोसा बसायचा, समोरचा डळमळायचा, आणि नेमका त्याच वेळी याचा उजवा हात हनुवटीपाशी आखडून राहायचा. वर्तमानपत्रांनी लिहिलं, दम नाही. मामांना वाटे, खोट शिकवणाऱ्यात आहे. वडिलांमागे पोरकं झालेलं बहिणीचं पोर आपण आपल्या व्यायामशाळेत हाताशी धरलं आणि त्याच्या हातातल्या सोन्याची माती केली. रात्री जेवताना ते हे मामींना ऐकवत. मामी म्हणत, "आधी जेवा."

आजची त्याची शेवटची लढत होती. त्याच्या दोघी बहिणींपैकी थोरली कधीच कमावती झाली होती. धाकटी मागच्या महिन्यात नर्स म्हणून रुजू झाली. त्याने स्वतः गोदामात मुकादमाची नोकरी धरली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. समोरचा उंच गडी मात्र चॅम्पियनशिपच्या दारात उभा होता. चॅम्पियनशी त्याची लढत ठरलेलीच होती. त्याआधी जरा हात मोकळे करायला म्हणून ही लढत ठेवलेली.

घंटा झाली. उंच गडी आरामात पुढे आला, हात जरा खालीच ठेवून. याच्या उजव्या हाताची भीती त्याला कुणी घातलीच नव्हती. तो हात शेवटचा चालला, तेव्हा हा उंच गडी शाळेत होता.

भाच्याने डावा मारला. उंच गड्याची मान मागे गेली. मामांनी बादली उचलली होती, ती हातातच राहिली.

उजवा आला. टाचेतून, कमरेतून, खांद्यातून. मामांनी पहिल्या दिवशी शिकवला होता अगदी तसा. उंच गडी आधी गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. पंच आकडे मोजत होते, पण ते कुणी ऐकत नव्हतं. छप्पर उडेल असा गलका झाला होता. डॉक्टर धावले. उंच गडी शुद्धीवर आला आणि लढत संपली का, म्हणून विचारू लागला.

ड्रेसिंग रूममध्ये आयोजक दार ढकलून आत आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"हे काय करून बसलास? आता तुझ्यासमोर उभं कोण राहणार? कोण बोलावणार तुला?"

"नका बोलावू," भाचा म्हणाला.

आयोजक पाय आपटत गेला. मामांनी दार लावलं. भाच्याचा उजवा हात मांडीवर घेऊन ते कात्रीने पट्ट्या कापू लागले.

"हा ठोसा इतकी वर्षं कुठे होता रे?"

"इथेच होता."

"मग?"

आयोजक गेला त्या दाराकडे बघत भाचा म्हणाला, "तो आत्ता बोलला ते खरंच आहे, मामा. मी जिंकत होतो, तेव्हा वर्षभर कुणी माझ्याशी लढायला तयार नव्हतं. घरात आई, दोघी बहिणी, वर आपल्या व्यायामशाळेचं भाडं. एक लढत हरलो आणि लगेच फोन वाजायला लागला."

मामांच्या हातातली कात्री थांबली. खांदे उतरले. एवढ्या वर्षांत त्या उजव्या हातावरून त्याला काय काय बोललो, ते सगळं त्यांना एकदमच आठवलं असावं.

"मला सांगायचंस की."

"तुम्ही मला रिंगमध्ये उतरू दिलं नसतं."

"नसतंच दिलं." मामांनी नाक ओढलं. "मग आज? आजही हरला असतास, तर कुणाला काय कळणार होतं?"

भाच्याने सुजलेली मूठ हळूहळू उघडली.

"आजची लढत तुमची होती, मामा. आधीच्या सगळ्या घराच्या होत्या."