अडखळणारा घोडा

"बाबा, तुमचं नेट पुन्हा अडकतंय," मुलगी म्हणाली. "तुमचा घोडा बघा, झाडात घुसलाय."

मास्तरांनी माऊस टेबलावर आपटला. त्यांच्या स्क्रीनवर घोडा एक पाऊल टाकायचा, थिजायचा, मग एकदम दहा पावलं पुढे उगवायचा.

"थांब गं, होईल सुरू."

"राहू दे, बाबा. उद्या खेळू." आणि ती गेलीसुद्धा.

गाडी चालवायला शिकवतात म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत. बायको वेगळी झाली, मुलगी तिच्याबरोबर दुसऱ्या शहरात गेली आणि मास्तरांच्या वाट्याला संध्याकाळचा हा एक तास उरला. फोनवर पोर हं-हं करून ठेवून द्यायची. पण घोड्यांच्या या खेळात दोघं शेजारीशेजारी रपेट करत, हेडफोनवर बोलत. खेळ तिनेच शिकवला होता. सुट्टीत आली तेव्हा नेटचं कनेक्शनही तिनेच घेऊन दिलं आणि कंपनीचं ॲप स्वतःच्या मोबाईलवर टाकून घेतलं. "तुम्ही काही दाबू नका, बाबा. घोळ घालाल." यात खोटं काहीच नव्हतं.

आता तो तासही धड पुरा होईना. सुरुवात झकास व्हायची. कॉलेज, मैत्रिणी, परीक्षा. मग मास्तर हळूच आईवर यायचे. आई कुठे गेली होती? तिला सोडायला गाडी घेऊन येतात ते कोण? ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रयत्न ते मनापासून करत, पण भांडं काही लपायचं नाही. आणि उत्तर यायच्या आतच मेला घोडा अडखळायचा. नशीबच फुटकं, त्याला कोण काय करणार?

त्यांनी राउटर कपाटावरून खिडकीत आणला. वायर बदलली. कंपनीचा माणूस येऊन वेग मोजून गेला, म्हणाला, "वेग तर फर्स्टक्लास आहे, काका." कंपनीच बदलावी म्हटलं तर मुलगी म्हणाली, "कशाला, बाबा? सगळ्या सारख्याच."

शेवटी गाडी शिकायला येणाऱ्या एका बाईंना त्यांनी गाठलं. त्या नेटवर्कमध्ये नोकरीला होत्या. क्लच सोडताना रोज गाडी बंद पाडायच्या, पण आपल्या कामात पक्क्या होत्या. संध्याकाळच्या शिकवणीनंतर त्या घरी आल्या, मागे खुर्ची टाकून बसल्या. थोड्या वेळाने घोडा अडखळलाच. मुलगी "उद्या खेळू" म्हणून गेली.

बाईंनी कीबोर्ड पुढे ओढला. वेग मोजला, चांगला. व्हिडिओ लावला, पळाला. मग तोच खेळ त्यांनी दुसऱ्या वाटेने, तो खेळ आहे हे कंपनीला कळणार नाही असा फिरवून चालवला. घोडा उधळला.

"रविवारी कसा चालतो?"

"रविवारी तिचा क्लास असतो. मी एकटाच फिरवतो. लोण्यासारखा चालतो."

"रविवारी ऑफिसं बंद, नेटवर गर्दी कमी असणार," बाई म्हणाल्या. "मास्तर, तुमच्या पायाशी कसा दुसरा ब्रेक असतो? मला वाटतं गाडीच बिघडली, आणि दाबलेला असतो तुम्ही. तसंच आहे हे. बाकी सगळं सोडतात, फक्त खेळ दाबतात."

"म्हणजे कंपनीवाले चोर!"

"जाऊन विचारा. हा आडमार्ग रोज वापरू नका, खेळवाले खातं बंद करतील."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शिकवण्या रद्द केल्या आणि कंपनीच्या ऑफिसात जाऊन काउंटर डोक्यावर घेतलं. "तुमच्यापायी माझं मुलीशी बोलणं तुटतंय! कळतंय का तुम्हाला?"

काउंटरवरच्या माणसाने शांतपणे त्यांचं खातं उघडलं. "आम्ही नाही दाबत, काका. ही ग्राहकांसाठी सोय आहे. पोरं अभ्यास सोडून खेळत बसली की आईबाप ॲपमधून खेळाचा वेग कमी करतात."

"माझ्या घरात कुठलं आलंय पोर? मी एकटा राहतो."

"मग चुकून दाबलं गेलं असेल. हे बघा, काढून टाकलं."

मास्तर ओशाळले. चोर सोडून संन्याशाला सुळी देत होतो की आपण! पोरीनेच कनेक्शन घेताना गडबडीत काहीतरी दाबलं असणार. तिला सांगायचं नाही, त्यांनी वाटेतच ठरवलं. आपल्यामुळे बाबांचा तास बुडत होता हे कळलं तर उगीच जिवाला लावून घेईल.

त्या संध्याकाळी घोडा एकदाही अडला नाही. टेकडी झाली, नदी झाली. मास्तरांनी एवढ्या दिवसांचं तुंबलेलं सगळं विचारून घेतलं. गाडीवाले गृहस्थ काय करतात, घरी जेवायला थांबतात का, आई हल्ली हसते का. मुलगी "माहीत नाही" म्हणत होती, पण जागेवर होती. दोनदा मध्येच म्हणाली, "बाबा, आज तुमचं नेट..."

"एकदम झकास!"

"हो का," ती म्हणाली.

तास पुरा झाला. मास्तरांना त्या रात्री खूप दिवसांनी गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ते वेळेआधीच हेडफोन घालून बसले. मुलगी आली. दोघं कुरणात उतरले. परीक्षेचं बोलून झालं.

"आणि काय गं," मास्तर म्हणाले, "आई आज घरीच आहे का?"

हेडफोनमध्ये मोबाईल उचलल्याची खुडबुड ऐकू आली.

"बाबा, तुमचं नेट अडकतंय," मुलगी म्हणाली.

मास्तरांचा घोडा गवतातून भरधाव चालला होता.

"छे गं," ते हसून म्हणाले, "आज तर बघ कसा..."

आणि घोडा थबकला.