लिंबूढिंबू

‘आमच्या संगणकीय खेळातील राक्षसाने भाषा स्वतः घडवली, कोणाच्याही ग्रंथाला हात लावलेला नाही,’ असे कोशचोरीच्या दाव्यावर कंपनीने शपथेवर सांगितले. शपथ घेताना कोणाला ठसकाही लागला नाही. मग दावा लावणाऱ्या कोशकार सुनेत्रा खांबेटे यांनी स्वतःच्या नावाने तो खेळ प्रथमच उघडला. एक वार आपला, एक राक्षसाचा. पहिल्याच वारात त्यांची तलवार निसटली आणि राक्षसाने चक्क आपली पाळी सोडली.

“राहू द्या, बाई. तुम्ही लिंबूढिंबू!”

सुनेत्राबाई ताठ बसल्या. कच्च्या गड्याला अवघा महाराष्ट्र लिंबूटिंबू म्हणतो. ‘ढ’ फक्त त्यांच्या बालक्रीडाकोशात, मुद्रणदोषाने. तीस वर्षे सलणारी ती चूक आज त्यांना दागिन्यासारखी मिरवावीशी वाटली.

“हा चुकीचा शब्द कुठे शिकलास?”

“तुमच्याच कोशात, बाई. अख्खा पाठ केलाय. त्यात चूक असेल, असं वाटलंच नाही.”