खिडकीतली वायर

हेमलता कॅरव्हॅनच्या मागं उभी राहून ओरडत होती, "डावा इंडिकेटर लागला! उजवा लागला! ब्रेकचा लाइट लागला!"

तिच्या नवऱ्यानं, अनंतरावांनी, गाडीतून उतरून कॅरव्हॅन गाडीला जोडणारा हूक आणि साखळ्या पुन्हा तपासल्या. निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेलं हे चाकांवरचं घर गाडीमागं ओढायचा त्यांना धीर होत नव्हता, म्हणून ते वर्षभर अंगणातच उभं होतं. रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर आणून त्यात दिवा लावायचा आणि दोघांनी चहा घेत बसायचं. "आज कुठं?" ते विचारायचे. ती डोळे मिटून म्हणायची, "तारकर्ली." मग छोट्या फ्रिजच्या घुरघुरीत तिला लाटा ऐकू यायच्या, पायाखालची वाळू सरकायची.

आज खरंच तारकर्लीला निघायचं होतं. शेवटची फेरी मारताना अनंतराव थबकले. खिडकीतली वायर अजून कॅरव्हॅनला तशीच लावलेली होती.

"अगं, ही काढली नाहीस?"

"हातच होईना," ती पुटपुटली. "खरा समुद्र समोर आल्यावर संध्याकाळी डोळे मिटून जायचं कुठं?"

त्यांनी प्लग काढला, वायर गुंडाळून तिच्या हातात दिली.

"तिथं दिवा लावू," ते म्हणाले, "आणि डोळे मिटून या अंगणात येऊ."